कामावर बदल लादला जातो तेव्हा: घरात बसून करायचा एक अभ्यास



गेल्या काही महिन्यांत आपल्या सिल्वासा, दादरा आणि खानवेलच्या कुटुंब-गटांमधून एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे येते आहे. "मुलगा हिंजवडीत आहे, हल्ली फोनवर धड बोलत नाही." "सूनबाई रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉप घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, आई, नवीन टूल आलंय, तुम्हाला नाही कळणार." "जावईबापू म्हणतात राजीनामा टाकतो, आणि घराचे हप्ते तर अजून बारा वर्षं आहेत."

थोडं खोलात विचारलं की कारण एकच निघतं. कंपनीने वरून सांगितलंय की आजपासून कोड एआयच्या मदतीनेच लिहायचा. ज्यांनी दहा-दहा वर्षं हे काम हाताने केलं, त्यांना कुणी विचारलेलं नाही. मेल आला आणि सोमवारपासून लागू.

म्हणून या वेळचा पाठ या विषयावर घेतला आहे. आम्ही काही सॉफ्टवेअरमधल्या नाही. पण सेवेतल्या तीन-चार मुलामुलींशी बसून बोललो, जुन्या गोष्टी वाचल्या आणि मग लिहायला घेतलं. पाठ थोडा मोठा आहे. एकदम नको, दोन बैठकांत वाचला तरी चालेल. शक्यतो जेवणानंतर घरात मोठ्याने वाचावा, म्हणजे ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनाही बोलायला वाट मिळेल.

*१. आधी प्रश्न नीट समजून घेऊ*

डेव्हलपर म्हणजे काय, हे आपल्यातल्या काकू-आजींसाठी सोप्या भाषेत सांगतो. आपण बँकेच्या अ‍ॅपवर बोट लावलं की पैसे जातात. त्या बोटाच्या मागे हजारो ओळींच्या सूचना असतात, त्यांना कोड म्हणतात. तो लिहिणारा, तपासणारा आणि बिघडला की रात्री उठून दुरुस्त करणारा तो डेव्हलपर.

आता अशी टूल्स आली आहेत की साध्या भाषेत सांगितलं की ती कोड लिहून देतात. ऐकायला छानच वाटतं. मग मुलं त्रासली का? आमच्याशी बोललेल्या मुलांनी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, टूलने लिहिलेला कोड बरोबर आहे की नाही हे तपासायचं काम माणसाचंच राहतं, आणि दुसऱ्याने लिहिलेलं तपासणं हे स्वतः लिहिण्यापेक्षा कधी कधी जड जातं. दुसरी, टूल आलं म्हणून आधी पाच दिवसांचं असलेलं काम आता दोन दिवसांत मागतात. तिसरी, कुणी टूल किती वापरलं याचे आकडे मॅनेजरला दिसतात आणि ते अप्रेझलमध्ये येतील अशी भीती असते. चौथी आणि सगळ्यात खोल, ती बोलायला कुणी लवकर तयार होत नाही: "जे काम मला येतं म्हणून मला मान होता, ते काम आता माझं राहिलं नाही."

या चारही गोष्टी नीट पाहिल्या तर लक्षात येतं की टूल हा त्यातला छोटा भाग आहे. तपासणीचा वेळ, मुदत, मोजमाप आणि मान, या चारांचा निर्णय कंपनीतली माणसं करतात. मिक्सर घरात आला तेव्हा पाटा-वरवंटा माळ्यावर गेला, त्याचं कुणी फार दुःख केलं नाही. पण मिक्सर आणल्या दिवशीच सासूबाईंनी म्हटलं असतं की आता वीस माणसांचा स्वयंपाक अर्ध्या तासात झाला पाहिजे आणि चटणी खारट झाली तर दोष तुझा, तर भांडण मिक्सरशी झालं नसतं.

हा फरक आजच्या पाठाचा पाया आहे. *बदल एक गोष्ट आणि बदल लादण्याची रीत दुसरी गोष्ट.* दोन्ही एकत्र धरल्या की माणूस एक तर सगळ्याला नकार देतो, नाही तर सगळं मुकाट गिळतो.

*२. गिरणगावातले तीन माग*

हे पहिल्यांदा घडत नाहीये. आपल्या मराठी माणसांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, मुंबईच्या गिरणगावात हेच पाहिलं.

तेव्हा एक विणकर दोन माग चालवायचा. १९२८ च्या सुमारास ससून गटाच्या गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली एका विणकराला तीन माग द्यायला सुरुवात केली. कताई खात्यातही एका माणसाकडे आधीपेक्षा दुप्पट काम आलं. हिशोब सोपा आहे. सहा मागांना आधी तीन माणसं लागत, आता दोन पुरणार. तिसऱ्याने कुठे जायचं? आणि जे दोन राहिले त्यांचा दर, त्यांचा दमसास, याचं काय? त्यात पगारकपातीची भर पडली.

एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. मवाळ विचारांचे ना. म. जोशी आणि कम्युनिस्ट विचारांचे श्रीपाद अमृत डांगे, दोघांच्या संघटना या संपात एकत्र आल्या. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि कामाचे नियम, दर, मागांची संख्या हे सगळं कागदावर येऊन त्यावर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी पुन्हा मोठा संप झाला, तो मात्र फसला. सहा महिने घरात चूल कशी पेटली असेल याची कल्पना आपण बायका करू शकतो.

आता याच काळातली जपानमधली गोष्ट पाहा. साकिची टोयोडा नावाच्या माणसाने १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग पुरा केला. ताण्याचा धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा, आणि धोटा संपला तर माग न थांबवता बदलला जायचा. त्यामुळे एक कामगार एकदम कितीतरी माग सांभाळू शकायचा, कारण प्रत्येक मागाकडे डोळे लावून बसायची गरज उरली नाही. पुढे मोटारी बनवणारी टोयोटा कंपनी याच घराण्यातून आली.

आपल्या सिल्वासा-दादरात धाग्याचे कारखाने आहेत. धागा तुटणं म्हणजे काय, हे इथल्या पुष्कळ घरांना वेगळं सांगायला नको. दोन्ही ठिकाणी एका माणसाकडे जास्त माग आले. जपानात ते आले तेव्हा चूक पकडण्याचं ओझं यंत्राने उचललं होतं. मुंबईत माग बहुतेक जुन्याच धर्तीचे राहिले आणि जादा ओझं माणसाच्या डोळ्यांवर आणि पायांवर पडलं.

म्हणून मुलांनी आपल्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच विचारावा: *या नव्या टूलमध्ये धागा तुटला तर कोण थांबवतं?* म्हणजे चूक झाली तर ती आपोआप पकडायची काही सोय आहे का, टेस्ट आहेत का, दुसरा माणूस तपासतो का? की सगळं एका थकलेल्या डेव्हलपरच्या रात्री दोन वाजताच्या नजरेवर सोडलं आहे?

*३. बँकेतला कॉम्प्युटर*

दुसरी गोष्ट आपल्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांना चांगली आठवत असेल. १९८० च्या सुमारास बँकेत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर कर्मचाऱ्यांना धडकी भरली होती. मोठाल्या खतावण्या, वळणदार अक्षर, तोंडी बेरजा, यावर ज्यांची उभी नोकरी गेली त्यांना वाटलं, आता आपण अडगळ.

तिथे काय झालं? सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रं आणि कॉम्प्युटर यावर समझोता झाला. कुठे, किती आणि कशासाठी यंत्रं आणायची हे त्यात ठरलं. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डॉ. चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. मग शाखांमध्ये खतावणी लिहिणारी यंत्रं आली. १९८७ आणि १९९३ मध्ये पुढचे समझोते झाले. २००० नंतर कोअर बँकिंग आलं आणि आज आपण सिल्वासाच्या शाखेतलं खातं कुठूनही चालवतो.

म्हणजे पहिल्या समझोत्यापासून आजच्या स्थितीपर्यंत वीसेक वर्षं गेली. काहींच्या मते हा उशीर झाला, आणि त्यातही तथ्य आहे. पण त्या काळात माणसं शिकली, सावरली, आणि ज्यांना जमलं नाही त्यांना निवृत्तीपर्यंत पोचता आलं.

त्या काळातली एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवीन यंत्रावर हिशोब सुरू करताना काही काळ हाताची खतावणीही चालू ठेवायची आणि दोन्ही बेरजा रोज जुळवून पाहायच्या. दोन्ही जुळू लागल्या की मगच जुनं बंद. आयटीतली मुलं याला पॅरलल रन म्हणतात. हे कामाच्या दृष्टीने जेवढं शहाणपणाचं आहे तेवढंच माणसाच्या मनासाठीही आहे. जुन्यावरचा हात एकदम सुटत नाही आणि नव्यावर आंधळा विश्वासही ठेवावा लागत नाही.

*४. आज नेमकं काय चाललंय*

घरात भीती पसरते ती अर्धवट माहितीमुळे. फॉरवर्ड येतात, "सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार" किंवा "काही होत नाही, सगळं खोटं आहे." दोन्ही बाजूला ठेवून खात्रीचं तेवढं पाहू.

एप्रिल २०२५ मध्ये शॉपिफाय या कॅनडातल्या कंपनीचे प्रमुख टोबी लुटके यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं की एआय वापरणं ही आता प्रत्येकाकडून मूलभूत अपेक्षा आहे, आणि जादा माणसं मागण्याआधी हे काम एआयने का होत नाही ते दाखवावं लागेल. त्याच वर्षी कॉइनबेस या अमेरिकन कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी उघड सांगितलं की दिलेल्या मुदतीत एआय टूल सुरू न करणाऱ्या आणि त्याला योग्य कारणही नसलेल्या काही इंजिनियरांना त्यांनी काढलं. तेव्हा मुलं "जबरदस्ती आहे" म्हणतात ते उगाच नाही.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जण, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या साधारण दोन टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या प्रमुखांनी कारण एआय नसून कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नसल्याचं सांगितलं. पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या 'नाईट्स' या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्या आठवड्यात पुण्याला मुलं असलेल्या आपल्या घरांमध्ये काय वातावरण होतं, ते आम्ही पाहिलं आहे.

आता दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्येच अमेरिकेतल्या मीटर या संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीच्या प्रकल्पांमधली २४६ कामं. काही कामं एआय वापरून आणि काही न वापरता. सुरू करण्यापूर्वी त्यांना वाटत होतं की एआयने वेळ २४ टक्के वाचेल. झाल्यावरही वाटलं की २० टक्के वाचला. घड्याळाने मात्र दाखवलं की एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला.

यावरून "एआय निकामी आहे" असं म्हणू नये. प्रयोग लहान होता, त्या वेळच्या टूल्सचा होता, आणि आपला कोड पाठ असलेल्या जाणत्या लोकांचा होता. नवख्यांना किंवा अनोळखी कामात फायदा होऊ शकतो. पण एक गोष्ट सगळ्यांनी घ्यावी: *वाटणं आणि मोजणं यात फरक असतो.* मॅनेजरला वाटतं वेळ वाचतोय, मुलाला वाटतं वेळ जातोय. दोघांचंही वाटणंच. मोजलं कुणी?

स्टॅक ओव्हरफ्लो हे जगभरच्या डेव्हलपरांचं ठिकाण. त्यांच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के लोक एआय वापरतात किंवा वापरणार आहेत, असं दिसलं. त्याच पाहणीत ४६ टक्क्यांनी सांगितलं की त्याच्या अचूकपणावर आमचा विश्वास नाही. म्हणजे वापरणारे पुष्कळ आणि शंका असणारेही पुष्कळ. आपल्या मुलाला शंका येते म्हणजे तो मागासलेला, असं कुणी समजू नये. त्यानेही समजू नये.

*५. मुलामुलींनी काय करावं*

आपल्या गटातल्या एका ताईंची मुलगी पुण्याला आहे, सात वर्षांचा अनुभव, पैशांच्या हिशोबाचं काम. तिच्याकडे असाच आदेश आला आणि कामाचे दिवस निम्मे झाले. तिने जे केलं ते आम्हाला शिकण्यासारखं वाटलं. नाव-गाव सांगत नाही, पायऱ्या सांगतो.

▪️ *पहिली पायरी, हात लावून पाहणं.* रागाच्या भरात नाकारलेल्या गोष्टीबद्दल आपलं मत कुणी धरत नाही. तिने ठरवलं, तीन आठवडे मनापासून वापरायचं. मन लावून वापरलं की दोष सांगण्याचाही अधिकार येतो.

▪️ *दुसरी पायरी, वहीत मोजणं.* रोजच्या प्रत्येक कामापुढे तीन रकाने: किती वेळ लागेल वाटलं, किती लागला, टूलच्या किती चुका दुरुस्त कराव्या लागल्या. आपण दूधवाल्याचा हिशोब लिहितो तसं. तीन आठवड्यांत दिसलं की जुना, दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेणं आणि टेस्ट लिहिणं यात टूलने खरंच वेळ वाचवला. व्याज आणि परताव्याच्या हिशोबात मात्र दिसायला बरोबर पण आतून चुकीचा कोड आला, आणि तो शोधण्यात जास्त वेळ गेला.

▪️ *तिसरी पायरी, एका पानात मांडणं.* तक्रारीची भाषा न वापरता. "या दोन प्रकारच्या कामांत टूलने मदत होते, या एका प्रकारात धोका आहे, हे त्याचे आकडे. माझ्या दोन विनंत्या: तपासणीचा वेळ मुदतीत धरावा, आणि पैशांच्या हिशोबाचा कोड दोघांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये." मॅनेजरलाही वर उत्तर द्यायचं असतं. त्याच्या हातात आकडे दिले तर त्याचंही बळ वाढतं.

▪️ *चौथी पायरी, लेखी विचारणं.* कोणतं टूल वापरायची परवानगी आहे, ग्राहकांची माहिती त्यात टाकायची का, चूक झाली तर जबाबदारी कुणाची. हे मेलवर विचारून ठेवावं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही इंजिनियरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीला अशा टूल्सवर बंदी घालावी लागली. वरून घाई असली तरी अशा गोष्टीचा ठपका शेवटी खालच्याच माणसावर येतो. म्हणून स्वतःच्या खासगी खात्यात ऑफिसचा कोड कधीही टाकू नये.

▪️ *पाचवी पायरी, एकटं न राहणं.* तिने टीममधल्या आणखी दोघांना वही ठेवायला सांगितलं. एकाची वही म्हणजे कुरकुर वाटते, तिघांच्या वह्या म्हणजे माहिती होते.

निकाल काय लागला? सगळं मिळालं नाही. वापराचे आकडे मोजणं चालूच आहे आणि ते तिला आजही आवडत नाही. पण तपासणीचे दिवस मुदतीत धरले गेले आणि पैशांच्या कोडला दुसरा तपासनीस मिळाला. ती म्हणाली, "मावशी, आता निदान झोप लागते."

कुणी म्हणेल, वरिष्ठांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा. गीतेत अर्जुनाने भर रणांगणावर प्रश्न विचारले, एकदा नाही, अनेकदा. विचारले म्हणून कुणी त्याला अवज्ञा करणारा म्हटलं नाही. विचारण्याची रीत नम्र असावी आणि उत्तर ऐकण्याची तयारी असावी, एवढंच.

कायद्याबद्दलही थोडं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं. कामगारकपात होऊ शकेल असा यंत्रातला किंवा पद्धतीतला बदल करायचा तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी, असं त्यात होतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीचं कलम आहे. आयटीतल्या प्रत्येकाला ते लागू होतंच असं नाही, कामाचं स्वरूप आणि पद यावर ते ठरतं. म्हणून वेळ आलीच तर जाणकार वकिलाला किंवा संघटनेला विचारावं, फॉरवर्डवर विसंबू नये. राजीनाम्याच्या कागदावर घाईने सही मात्र करू नये, "दोन दिवसांत वाचून सांगतो" म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

*६. घरातल्यांनी काय करावं*

हा भाग आपल्यासाठी, म्हणजे आई-बाबा, सासू-सासरे, नवरा-बायको यांच्यासाठी.

एक, रोज फोनवर "नोकरीचं काय?" विचारू नये. त्या प्रश्नाने मुलाला आपल्या काळजीचीही काळजी लागते. त्यापेक्षा "आज काय जेवलास, कुणाशी गप्पा झाल्या का?" बरं.

दोन, "आमच्या वेळी आम्ही किती सोसलं" हे वाक्य काही दिवस कपाटात ठेवावं. सोसलं हे खरं आहे. पण त्या क्षणी ते ऐकणाऱ्याला आपलं दुःख लहान केल्यासारखं वाटतं. बँकवाल्या काकांनी आपला अनुभव जरूर सांगावा, पण मुलाने विचारल्यावर, आणि त्यात स्वतःची तेव्हाची भीतीही सांगावी.

तीन, कौशल्याचा मान घरात राखावा. "आता काय, मशीनच लिहितं ना सगळं!" असं हसत-हसतसुद्धा म्हणू नये. हात शिकलेला असतो म्हणूनच टूलची चूक दिसते. भाकरी कधी फुगली नाही हे ज्याने शंभर भाकऱ्या थापल्यात त्यालाच कळतं. मुलांनाही आम्ही सांगतो, आठवड्यात थोडं काम तरी टूलशिवाय स्वतःच्या हाताने करत राहा. हात विसरला तर तपासणारा डोळाही मंदावतो.

चार, पैशांचं उघड बोलावं. बरेचदा मुलगा नोकरी जाण्याला जेवढा भीत नाही तेवढा घरच्यांना सांगण्याला भितो. एका रविवारी वही घेऊन बसा: महिन्याचा खर्च किती, हप्ता किती, शिल्लक किती. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल असं हळूहळू जमवावं. लग्नाचा हॉल, नवीन गाडी, हे थोडं थांबू शकतं. "काही झालं तरी सहा महिने आपण नीट जगू" हे वाक्य आकड्यांसकट मुलाला सांगा. ऑफिसात नम्रपणे "हे मला पटत नाही" म्हणायची ताकद त्यातून येते. ज्याच्या घरी उद्याची चिंता आहे त्याच्या तोंडून खरं निघत नाही.

पाच, दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू किंवा "कशालाच अर्थ नाही" असं बोलणं, असं दिसलं तर नामस्मरण करच पण डॉक्टरांकडेही ने, असं आपण सांगतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, मोफत, दिवस-रात्र. यात लाज नाही. ताप आला तर आपण अंगाऱ्यावर थांबत नाही.

*७. आणि नाहीच जमलं तर*

सगळीकडे त्या मुलीसारखं होत नाही. आपल्याच एका दुसऱ्या घरात दादांनी वही ठेवली, एक पान लिहिलं, विचारलं, आणि उत्तर आलं, "पटत नसेल तर दार उघडं आहे." वय चव्वेचाळीस, दोन मुलं शाळेत. त्यांनी त्या दिवशी राजीनामा दिला नाही. शांतपणे चार महिने नवीन काम शोधलं, पगार थोडा कमी मिळाला, पण माणसं बरी मिळाली. मग सोडलं.

आम्ही याला हार म्हणत नाही. रागाने सोडणं आणि ठरवून सोडणं यात फार अंतर आहे. रागाने सोडलेली नोकरी मनात राहते, पुढच्या ऑफिसातही तीच भांडणं निघतात. ठरवून सोडलेली मागे राहते. तसंच, राहणारा भित्रा आणि सोडणारा शूर असंही काही नाही. ज्याच्या घरी आजारी वडील आहेत त्याने तीन वर्षं नावडत्या टूलवर काम केलं, तर ती त्याची सेवाच आहे. फक्त त्याने स्वतःला सांगावं की हे मी कशासाठी करतोय. कारण माहीत असलेलं ओझं कमी जड लागतं.

स्वीकार या शब्दाचा आपल्याकडे पुष्कळदा चुकीचा अर्थ घेतला जातो. स्वीकार म्हणजे जे आहे ते आहे तसं पाहणं. टूल आलं आहे, ते परत जाणार नाही, हे पाहणं स्वीकार. मुदत चुकीची आहे, तपासणी अपुरी आहे, हे पाहणं आणि योग्य ठिकाणी सांगणं, हाही स्वीकारच. डोळे मिटून मान डोलावणं याला काय म्हणावं ते आपणच ठरवा.

*गटात बोलण्यासाठी (पुढच्या बैठकीपर्यंत)*

१. आपल्या आयुष्यात न विचारता लादलेला एखादा बदल आठवा. त्यातला बदल किती त्रासदायक होता आणि लादण्याची रीत किती?

२. घरात कुणी आयटीत असेल तर त्यांना विचारा: "तुमच्याकडे धागा तुटला तर कोण थांबवतं?" उत्तर मध्येच न तोडता ऐका.

३. महिन्याच्या खर्चाची वही या रविवारी सगळ्यांनी मिळून उघडा.

४. ज्या मुलांनी तीन रकान्यांची वही ठेवली आहे त्यांनी अनुभव आपल्या गटप्रमुख ताईंना कळवावा. कंपनीचं नाव आणि ऑफिसची कोणतीही गुप्त माहिती लिहू नये. पुरेसे अनुभव आले तर पुढच्या महिन्यात त्यावर एक लहान पाठ करू.

पुण्या-मुंबईच्या मुलांना हा पाठ नुसता फॉरवर्ड करू नका. आधी फोन करा, बोला, आणि मग पाठवा. 🙏

— दादरा गटातल्या सेवेकरी भगिनी